दगडी बैलाचे तोंड

तात्सुनो, १८ फेब्रुवारी १९६२

ती. मासुएआत्यांस,
चिगुसाचा सा. न. वि. वि.

आपण विचारले नसताना पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. बाबा गेल्यापासून या घरात शेवटचा शब्द आपला. आपल्यासमोर बोलण्याची छाती होत नाही, म्हणून हा कागद.

काल विद्येचा देव तेन्जिन याच्या देवळात, प्लमच्या बहराखाली, स्थळ म्हणून आलेल्या कुरिमोतोंना मला दाखवण्यात आले. त्यांचे चिरंजीव शिगेहारू यांनी फुलांकडे एकदाच पाहिले आणि आमच्या परसातल्या झाडाचे लोणचे याहून बरे होते, असा अभिप्राय दिला. त्यानंतर तासभर ते आपल्या भट्टीतल्या सोया सॉसच्या पिंपांविषयी बोलले. मी ऐकत होते. पिंपेही इतकी शांत नसतील.

दगडी बैलापाशी परीक्षेच्या मुलांची गर्दी होती. आपल्या ज्या अवयवात उणे असेल, बैलाचा तोच अवयव कुरवाळावा, हे लहानपणी आपणच मला शिकवलेत. मी डोक्याकडे हात नेला, तोच कुरिमोतोबाईंनी मनगट धरून तो पोटावर दाबला आणि म्हणाल्या की, पोरी, डोकं घेऊन काय करशील, बाळंतपणं सोपी होऊ देत. चिरंजीव हसले. मग त्यांनी स्वतः बैलाचे डोके चोळले. पदवीची परीक्षा पुन्हा द्यायची आहे म्हणे. बैलाचे कपाळ अधिक चकाकू लागले, एवढाच परिणाम मला दिसला.

तीन मार्चला कोबेच्या महिला विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा आहे. त्याच दिवशी कुरिमोतो साखरपुड्याच्या भेटी घेऊन येणार आहेत. मला परीक्षेला बसू द्यावे, एवढीच विनंती.

आपली आज्ञांकित,
चिगुसा

हिमेजी, २३ फेब्रुवारी

चि. चिगुसास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचले. अक्षर सुरेख, अक्कल तेवढीच कमी. सोयाची भट्टी असलेलं घर चालून आलंय आणि बाईसाहेब बैलाचं कपाळ तपासतायत. डोळ्यांवर चष्मा, तोंडाला कुलूप. मध्यस्थ तेराओबाई सांगत होत्या की, मुलगी मुकी आहे का असं कुरिमोतोबाईंनी दोनदा विचारलं. तरी त्यांना चालतंय, कारण त्या घरात बोलायला त्या एकट्या पुरेशा आहेत.

तीन तारखेला बाहुल्यांचा सण आहे. जांभळा किमोनो पाठवते, तो नेस. तुझ्या आईला सांग, सण झाला की बाहुल्या लगेच आवर. त्या मांडून राहिल्या की मुलगी बिनलग्नाची घरात बसते, हे तिला दरवर्षी सांगावं लागतं. आणि खरं सांग, शेवटी बैलाला कुठे हात लावलास? तेराओबाई म्हणतात पोटाला. ते शुभच झालं.

राग आला तरी जेवत जा.

तुझी आत्या

तात्सुनो स्टेशन, २ मार्च

ती. आत्यांस,
चिगुसाचा सा. न. वि. वि.

किमोनो जसा आला तसाच परत पाठवला आहे. रंग फार सुंदर होता, म्हणून घडी मोडली नाही.

पोटावर माझा हात होता, इच्छा कुरिमोतोबाईंची होती. तिचे फळ त्यांनाच लाभो. काल आपले पत्र परत वाचले आणि मी एकटी पुन्हा देवळात गेले. बहर ओसरू लागला होता. माझ्यात काय उणे आहे, ते आपण नेमके लिहिले होते : तोंडाला कुलूप. मी डोके सोडले, पोट सोडले आणि बैलाचे तोंड कुरवाळले. तिथे फारसा कोणाचा हात लागत नसावा. दगड अजून खरखरीत आहे.

तिथून तशीच कुरिमोतोंच्या दारी गेले. आवाज कापत होता, पण निघाला. मी मुकी नाही, आणि आपल्या घरी सून म्हणून येणारही नाही, असे दोघांनाही वाकून सांगितले. चिरंजीव आईच्या तोंडाकडे पाहत राहिले.

तेराओबाई आपल्याकडे येतीलच. त्यांच्याआधी हे आपल्याला माझ्या तोंडून कळावे, अशी इच्छा होती. शेवटी कागदावरच कळवते आहे. तेवढा भित्रेपणा उरला आहे. उद्या सकाळी कोबेला परीक्षा आहे. बाहुल्या यंदा आवरू नकोस, असे आईला सांगून निघाले आहे.

आपण रागावाल, ते लोभातच धरीन.

चिगुसा

टपालात टाकले : शुक्रवार, २ मार्च १९६२, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटे.