रिकामी नळी

३ जून
नोकरी लागली! खिडकीपाशी टेबल, डुगडुगतं स्टूल, मी जाम खूश. काम कोळ्याचंच. चुंबकी मण्यांवरचा गळ फक्त एका विषाणूचा आरएनए धरतो आणि त्या आरएनएला माणसाच्या पेशीतली प्रथिनं चिकटतात. ती काढून ओळखायची. एका नळीत पेशींच्या अर्कासोबत आरएनए घालायचा, दुसरीत नुसता अर्क. तिथे गळाला काहीच लागत नाही, म्हणून दुसरी रिकामीच यायला हवी. इथली रीत अशी की अर्क ज्याने त्याने स्वतःच्या रक्तातल्या पेशी वाढवून करायचा. आल्या आल्या माझंही रक्त काढलं. सर म्हणाले, हा विषाणू वर्षभर अंगात गप्प बसतो, मग कडू चव गोड लागायला लागते, मग हात लुळे पडतात. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. आपण नळीत घालतो तो आरएनएचा तुकडा मात्र निरुपद्रवी.

राहते दोन वर्षांपासून ताईकडेच. भाची चिमणी खोकल्याचं कडू औषध थुंकते. मी आधी चमचा चाटून दाखवते, मग घेते लबाड.

१२ जून
रिकामी नळी भरून आली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, हात स्वच्छ ठेवत जा. अस्सा राग आला!

१९ जून
हातमोजे बदलले, पाणी बदललं, मणी बदलले. चौथ्यांदा तेच. आरएनए घातलेल्या नळीत जी प्रथिनं, नेमकी तीच न घातलेल्या नळीत. शेजारच्या तंत्रज्ञ काकूंची नळी मात्र लख्ख. महिनाअखेरीस जमलं नाही तर नारळ. वैतागून ताईवर खेकसले. त्यात दुकानदाराने औषध बदललंय, नुसता पाक आहे. तरी कार्टी थुंकतेच.

२४ जून
काकूंनी अर्कांची अदलाबदल सुचवली. त्यांचा अर्क मी घेतला, नळी रिकामी. माझा त्यांनी घेतला, नळी भरलेली. म्हणजे माझे हात स्वच्छ आहेत! सरांना तोंडावर सांगून आले. उगाच बोलणी खाल्ली इतके दिवस.
काकू हसल्या नाहीत. हातमोजे काढून कितीतरी वेळ हात धूत राहिल्या.

२५ जून
आरएनएशिवाय प्रथिनं वर येतच नाहीत. मग माझ्या अर्कात तो होताच — रक्त पहिल्या दिवशीचं. इथल्या कशालाही हात लावायच्या आधीचं.
बिनसाखरेची कोरी कॉफी प्यायले. गोड.
दुकानदाराने औषध बदललं नव्हतं.

२६ जून
सरांनी दार लावून विचारलं, घरी लहान मूल आहे का. मी नाही म्हणाले. का खोटं बोलले — चमच्याने लागतो का, तेही विचारवेना. भीती वाटते.

२७ जून
पेन धरवत नाही. ताईला सांगायचंय, पण —
चिमणीने आज औषधासाठी आपणहून तोंड उघडलं. मी चमच्याला हातसुद्धा लावला नाही, लांब उभी होते. ताई खूश, पोरगी शहाणी झाली म्हणते. आणि चिमणी बाटली घेऊन माझ्याकडे — म्हणते, मावशी, अजून दे ना, कित्ती गो