उतारावरचा शिक्का

४ मे, रविवार

रोना तेव्हा पाच वर्षांची असेल. ब्लूबेरी वेचायला वरच्या रानात गेलो होतो. इवानने तिच्या हातात गुलाबी फितीचं रीळ दिलं – झाडांना बांधत चल, म्हणजे परतीची वाट सापडते. पोरीने अख्खं रीळ एकाच सीडरला गुंडाळलं! तिघंही थर्मासमधला चहा पीत किती हसलो.

आज ती जेवायला आली आणि सूप तसंच गार झालं.

तीही आता फॉरेस्टर, बापासारखी – झाडतोडीआधी उतार पाहून सहीशिक्का देणारी. कोटसुद्धा काढला नाही. म्हणाली, "डॅड, आज मी मुलगी म्हणून आलेले नाही." फॉरेस्टरांच्या संघाचा नियमच आहे – दुसऱ्या फॉरेस्टरची चूक दिसली तर आधी त्याच्या तोंडावर सांगायची, मग तक्रार. वरच्या उतारावरची तोड थेट ओढ्याच्या काठापर्यंत गेली होती. इवानच्या सहीशिक्क्याने. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि तो उतारच ओढ्यात आला.

इवान एवढंच म्हणाला, "मीठ दे इकडे."

५ मे

नळाला अजून चहाच्या रंगाचं पाणी. त्याच ओढ्याचं. शेजारची पोल्या बोर्श्ट, तिचं ते बीटचं सूप, घेऊन आली. म्हणे, "पी निर्धास्त, बाटलीच्या पाण्यात शिजवलंय. तुझ्या नवऱ्याच्या नाही." मी हसले. दुसरं काय करणार!

९ मे

रोनाला फोन केला. अगदी गयावया केली. तुझा बाप आहे तो, एकोणसत्तरचा आहे, लायसन गेलं तर जगायचा नाही.

ती म्हणाली, "मॉम, पोल्याच्या घरात तान्हं बाळ आहे."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस सांगायच्या, खरं बोललं की मन हलकं होतं. माझ्या पोरीचा आवाज तर दगडासारखा जड होता.

१६ मे

रोनाची तक्रार संघाकडे गेली. चौकशी समितीचं पत्र आलं. ते न उघडता इवान दिवसभर कुऱ्हाडीला धार लावत बसला.

२१ मे

आज आपणहून बोलला. त्या दिवशी गुडघा फार दुखत होता. वरूनच पाहिलं, ओढ्यापर्यंत उतरलाच नाही. आणि उतरून पाहिलं असं लिहून शिक्का मारला. आयुष्यभर प्रत्येक उतार पायाखाली घातला या माणसाने – हा एक सोडून!

मी म्हटलं, मग सांगून टाक समितीला. म्हणाला, सांगणारच आहे, पण आधी बघून येतो. न बघता दुसऱ्यांदा बोलायचं नाही.

त्या गुडघ्याने? मी दार अडवून उभी राहिले तरी तो ऐकणार आहे का!

२४ मे

सकाळी गेला तो दिवस कलताना आला. गुडघ्यापर्यंत चिखल. ओसरीतल्या बाकावर बसून बूट काढले. चेहरा राखेसारखा.

"रोनाने सांगितलं त्याहून वाईट आहे. वकील नको मला. समितीपुढे उभा राहून सांगेन – ती खाली उतरली, मी नाही." मग म्हणाला, चहा कर.

केला.

१० जून

समितीचं पत्र. सभासद हयात नसल्यामुळे चौकशी बंद. म्हणजे त्याचं चुकलं असंही नाही, पोरीचं बरोबर होतं असंही नाही!

चोवीसच्या संध्याकाळी मी चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा तो बाकावरच होता. मान कलली होती.

अंत्यविधीला रोना चर्चमध्ये शेवटच्या रांगेत बसली होती. कुणी तिच्या शेजारी बसलं नाही. पोल्या उठून जाऊन बसली.

उद्या सगळं पाठवायचं. थर्मास पोल्याला. त्याचं रानातलं होकायंत्र रोनाला, 'ती खाली उतरली, मी नाही' हे त्याचं वाक्य सोबत लिहून. शिक्का संघाला परत, नियमाप्रमाणे.

बूट चौकशी समितीला. चिखल न पुसता.