व्याही सुखरूप आहेत

आदरणीय विहीणबाई,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (खरं तर एकच हात जोडला आहे. दुसऱ्याने खाटेचा कठडा धरला आहे, त्याचं कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? मलम संपलं असेल तर तुमच्या सुनेला सांगा. तिला आपणहून सुचणार नाही, आणि तो दोष आमच्याकडचा आहे. नातवाला खोकला नाही ना? त्याला खिडकीशी झोपवू नका.

व्याही सुखरूप आहेत. हे सगळ्यात आधी लिहायचं होतं, पण नमस्काराच्याही आधी लिहिणं बरं दिसलं नसतं. विनंती एवढीच, की पुढे वाचताना मधे मधे हे वाक्य पुन्हा वाचत जा. काही ठिकाणी गरज पडेल.

निघताना तुम्ही मला दाराआड घेऊन म्हणालात, "हे फोनवर नुसतं मजेत, मजेत म्हणतील. तुम्ही मला पहिल्या दिवसाचं खरंखुरं लिहून पाठवा. ते वाचून मी ठरवीन, पुढे जायचं की उलट पावली घरी यायचं." म्हणून हे पत्र. लिहून झालं की आम्ही उतरलो आहोत तिथल्या काउंटरवरच्या बाई त्याचे फोटो काढून तुम्हाला पाठवणार आहेत. माझं शिक्षण जेमतेम सातवी, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तुम्ही सांभाळून घ्या, मजकूर मी सांभाळतो.

ही सहल कोणाच्या डोक्यातून निघाली हे तुम्हाला ठाऊकच आहे. पाठीवर सॅक टाकून पोरंटोरं परदेशात हिंडतात ते व्याह्यांनी कुठेतरी पाहिलं आणि भर जेवणात जाहीर केलं, की आपणही जायचं. घरात हसाहशी झाली. तुम्ही मात्र हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, जा, पण सुनेच्या वडिलांना बरोबर न्या, ते घाबरट आहेत, तेवढंच बरं. (घरात मला काळजीवाहू सरकार म्हणतात हे मला माहीत आहे. राग नाही.) मला कोणी विचारलंच नाही. नाही म्हणायची माझी टाप नव्हती. एक तर मुलीचा बाप, त्यातून ज्या कचेरीत व्याही चौथ्या मजल्यावरचे मोठे साहेब, त्याच कचेरीत मी लिफ्टवाला. सोयरीक झाल्यावर लोक म्हणाले, आता तुम्ही बरोबरीचे. पण वर्षानुवर्षं ज्याला मान लववून चौथ्या मजल्यावर सोडलं, त्याला एकदम "काय व्याही" म्हणायचं म्हणजे जीभ अडखळते. शिवाय माझा सगळा जन्म उभ्या प्रवासात गेला. वर जायचं, खाली यायचं. आडवा प्रवास म्हणावा असा हा पहिलाच.

निघताना आम्ही कामांची वाटणी केली. कागदपत्रं माझ्याकडे, कारण मी हरवत नाही. फोन, नकाशा आणि अक्कल त्यांच्याकडे. दोघांचे पासपोर्ट आणि उतरायच्या जागेचा पत्ता मी बंडीला आतून खिसा शिवून त्यात ठेवले आणि तोंडही शिवून टाकलं. त्यामुळे विमानतळावर पासपोर्ट मागितला तेव्हा थोडा खोळंबा झाला. मागची माणसं फार सोशिक होती. एका गृहस्थांनी तर दाताने धागा तोडून दिला. सामान तपासणाऱ्याने माझी सॅक उघडली, आतली दोरी वर धरली आणि ही कशाला असं खुणेनं विचारलं. मी म्हटलं, असावी. व्याही त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणाले. माझा अंदाज आहे, की हा माणूस माझ्याबरोबर नाही असं म्हणाले.

तिथे एक लिफ्ट होती. आत माणूसच नाही! लोक आपले स्वतःच बटण दाबतात आणि कोणी गेल्यासारखे भिंतीकडे बघत उभे राहतात. मला राहवेना. मी बटणांपाशी उभा राहून येणाऱ्याला कितवा मजला विचारू लागलो. व्याह्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं, पण तोवर दोन बायका खुशीत वर पोचल्या होत्या.

विमानाबद्दल काही लिहीत नाही, कारण मी डोळे मिटून होतो. व्याह्यांनी मात्र सगळं पाहिलं आणि मला सांगितलं, तेव्हा मी कानही मिटले.

आता मुख्य प्रकार. (वाक्य एकदा वाचून घ्या.) उतरल्यावर शहरात जायला आगगाडी होती. तिची दारं आपोआप उघडतात आणि आपोआपच मिटतात. दार उघडलं. मी बाजूला सरून म्हटलं, "साहेब, आधी तुम्ही." ते म्हणाले, "छे छे, साहेब काय म्हणता अजून, आधी तुम्ही." मी म्हटलं, मुलाकडचा मान आहे. ते म्हणाले, वयाचा मान आहे. मागे गर्दी साचली. शेवटी व्याह्यांनी दोन्ही हातांनी माझ्या सॅकला रेटा दिला आणि मी आत गेलो. त्यांनी पाऊल उचललं आणि तेवढ्यात घंटी वाजली.

विहीणबाई, घंटी वाजल्यावर, दार मिटत असताना घुसू पाहणाऱ्या माणसाला मी आयुष्यभर एकच गोष्ट करत आलो आहे. माझा हात आपोआप आडवा झाला आणि तोंडातून खणखणीत निघालं, "जागा नाही, पुढच्या फेरीत या!" आणि मोठं नवल म्हणजे, ते चक्क मागे झाले! एवढे साहेब, पण लिफ्टच्या दारात माझाच शब्द चालतो ही त्यांनाही सवय. दार मिटलं. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे ते, दोघांचीही तोंडं उघडी, आणि गाडी निघाली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तुम्ही एवढा धडधाकट नवरा विश्वासाने माझ्या हाती दिलात आणि मी तो पहिल्याच दिवशी, परक्या मुलखात, बिनकागदाचा सोडून आलो. फोन त्यांच्याकडे. कोणाचा मागून घ्यावा, तर मला पाठ असलेला नंबर एकच, तो तुमच्या घरचा. आणि तुम्हाला फोन करून सांगणार काय? त्यापेक्षा मी इथेच एखाद्या इमारतीत नोकरी धरली असती.

पुढच्या स्टेशनावर मी उतरलो आणि खांबाला टेकून उभा राहिलो. हरवलं तर जागचं हलायचं नाही, हा माझा नियम. निघण्याआधी मी तो व्याह्यांना सांगितला होता आणि ते म्हणाले होते, आपण काय पाच वर्षांचे आहोत? थोड्या वेळाने पुढची गाडी आली. ती नेमकी तिथे न थांबणारी. तिच्या काचेला नाक लावून व्याही गेले. मी हात हलवला, त्यांनी हात हलवला. मग ते समोरच्या बाजूने परत गेले. पुन्हा हात हलवले. तिसऱ्यांदा आले तेव्हा बसायला जागा मिळालेली दिसली, पण चेहरा उतरला होता आणि हात काही हलवला नाही. ते कोणाला विचारणार नाहीत हे मला माहीत होतं. त्यांना जन्मभर लोकांनी विचारलं, विचारायची सवयच कुठली?

मग मी, विहीणबाई, जे केलं ते मी केलं यावर माझा मलाच विश्वास बसत नाही. मी सरळ स्टेशनावरच्या काचेच्या खोलीत शिरलो. आत वर्दीतल्या एक धिप्पाड बाई होत्या. मी बंडीतून व्याह्यांचा पासपोर्ट काढला, फोटो दाखवला आणि बोटांनी आगगाडी करून इकडून तिकडे, तिकडून इकडे पळवून दाखवली. (फोटोत ते फार रागावलेले दिसतात. माणूस इतका वाईट नाही, हेही मी खुणेनंच सांगितलं.) बाईंना सगळं समजलं. त्यांनी चार ठिकाणी फोन फिरवले. जिथून तिथून एकच उत्तर येत असावं, कारण बाई दर वेळी तेच करत. आधी मान होकारार्थी हलवत, म्हणजे दिसले, आणि मग हात उडवत, म्हणजे गेले. माणूस जागेवर ठरेल तर धरणार ना! शेवटी बाई वैतागल्या. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, समोरचा माइक माझ्या तोंडाकडे वळवला आणि बटण दाबलं. बोल बाबा तूच.

मी आयुष्यात चार माणसांपेक्षा जास्त लोकांपुढे बोललेलो नाही. लिफ्टमध्ये माणसं पुष्कळ असत, पण त्यांची पाठ असे. मग मी मजले पुकारायचो तो आवाज लावला. "अहो व्याही! मी बोलतोय! जिथे असाल तिथेच उभे राहा. अजिबात हलू नका. मी येतोय. कागद माझ्याकडे आहेत, घाबरू नका. आणि जेवणाआधीची पांढरी गोळी राहिली आहे, ती घ्या. पाण्याबरोबर घ्या, नुसती गिळू नका, मागे अडकली होती." सगळ्या स्टेशनांवर, सगळ्या फलाटांवर, विहीणबाई, आपली मराठी घुमली. काचेबाहेर माणसं थबकून वर छताकडे बघू लागली. बाईंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की सॅक नसती तर मी माइकवर आपटलो असतो. आणि लगेच फोन वाजला. बाईंनी खुणेनं सांगितलं, पार शेवटच्या स्टेशनवर एक गृहस्थ मधोमध उभे आहेत, आणि खुर्ची दिली तरी बसत नाहीत.

मी एकटा गेलो. गाडीत चढलो एकटा, स्टेशनं मोजली एकट्यानं, उतरलो एकटा. दाराशी उभा होतो, पण कोणाच्या आड हात घातला नाही. व्याही खांबासारखे उभे होते, गोळीचं रिकामं पाकीट मुठीत. मला पाहिल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग म्हणाले, "काय हो, अख्ख्या रेल्वेला माझी गोळी कळवलीत!" मी म्हटलं, "घेतलीत ना?" म्हणाले, "घेतली." मी म्हटलं, "झालं तर मग."

तिथून मुक्कामाच्या जागेपर्यंत पुढे मी आणि मागे ते. पत्त्याचा कागद मी भेटेल त्याच्या नाकापुढे धरत होतो आणि लोक बोट दाखवत होते. तीन जणांनी तीन दिशा दाखवल्या, पण मी त्यातल्या त्यात प्रामाणिक चेहऱ्याच्या माणसाचं ऐकलं आणि बरोबर पोचलो. जागा स्वच्छ आहे. एका खोलीत आठ खाटा, त्याही दुमजली, लोखंडी, हललं की कुरकुरणाऱ्या. खिडकीतून समोर कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेले मोजे दिसतात. बाकीच्या खाटांवर तरुण पोरंपोरी आहेत. त्यांच्यातल्या दोघांनी मला ओळखलं. म्हणजे आवाजावरून! एकीनं माइक धरल्यासारखी मूठ करून माझी नक्कल केली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववली. वरची खाट व्याह्यांना चढवेना, म्हणून वरचा मजला माझा. लिफ्ट नसल्यामुळे शिडीनं चढलो. अजून उजेड आहे, व्याही खालच्या खाटेवर डुलकी काढताहेत, आणि मी एका हातानं कठडा धरून दुसऱ्यानं हे लिहितो आहे. चुकून खाली पाहिलं की काळीज लकलकतं, पण तेही आता सवयीनं. तेव्हा विहीणबाई, पहिला दिवस हा असा, सगळा मिळून फत्ते झाला असं माझं मत आहे. निर्णय तुमचा.

आपला, आजच्यापुरता शूर,
तुमच्या सुनेचा बाप

ता. क. एक गोष्ट वर लिहिली नाही. वाटेत येताना व्याह्यांनी मला थांबवून सांगितलं, की पुरे झालं, आपण उद्याच परत जाऊ. त्यांना धसका बसला आहे. पण तसं तुम्हाला कळवायचं नाही. मी असं लिहायचं, की माझी तब्येत बिघडली, म्हणून परतावं लागतं आहे. विहीणबाई, माझी तब्येत ठणठणीत आहे. इतकी बरी ती कधीच नव्हती. माझी खरी विनंती ही, की तुम्ही त्यांना एक कडक निरोप पाठवा. "पुढे जा, इतक्यात घरी याल तर दार उघडणार नाही," असा काहीतरी. ते जगात फक्त तुम्हालाच भितात. मी सुचवलं हे मात्र लिहू नका. निरोप तुमच्या डोक्यातून निघाला असं दिसू द्या.

ता. क. आणखी. व्याह्यांना जाग आली. खालून विचारलं, "पत्र लिहिलंत का? माझ्या सांगण्याप्रमाणे?" मी म्हटलं, हो, माझी तब्येत बिघडली, उद्या निघतो, असं लिहिलं. बराच वेळ खाट नुसती कुरकुरत होती. मग म्हणाले, "तुम्हीही ना, एवढी घाई कशाला केलीत? उद्याचा एक दिवस बघितला असता." म्हणजे आता निरोपाची तशी गरज उरली नाही. पण पाठवाच. सकाळपर्यंत त्यांचा काही भरवसा नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही नाही.