फार्मचं मटण

आत्या, तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळं तुम्ही असता तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तुम्ही मधे मधे "मग?" म्हणाला असता आणि भाकरी थापत राहिला असता. म्हणून तसंच लिहिते, मोठ्यानं सांगितल्यासारखं.

लग्न होऊन येरमाळ्याला आले तेव्हा सासूला आत्या म्हणायचं, एवढंच मला शिकवून पाठवलं होतं. घरच्या खानावळीचं काही नाही. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्यापुढं वजडीचं, बोकडाच्या आतड्यांचं, घमेलं ठेवलं. हिरवट, शेणानं भरलेली, गरम. मी तोंडाला पदर लावून मोरीपाशी पळाले आणि ओकले. तुम्ही ओरडला नाहीत. चुन्याची निवळी आणि कढत पाणी आणून माझ्याशेजारी बसलात, आणि म्हणालात, "शेणच हाय ते. धुतलं की जातंय. पर तोंड वाकडं करून सैपाक केलास तर खाणाराच्या घशाखाली उतरायचं न्हाय, ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं, पण तेव्हा मला तुमचा लई राग आला होता. रात्री हात साबणानं धुऊन धुऊन कातडी पांढरी पडली होती.

बोकड आणायला तुम्ही मला बरोबर न्यायला लागलात ते नंतर. तुम्ही बाजारात कधी गेला नाहीत. वस्त्यांवर जायचं, जिच्या दारात चार शेरडं आहेत तिच्याकडं. एक दुपार मला अजून दिसते. तुम्ही लिंबाखाली बाजेवर बसलाय, बशीतून चहा पिताय. बोकड ठरलाय, मी दावं सोडतेय. आणि त्या घरची बाई बोकडाच्या कानामागं खाजवत उभी आहे. तुम्ही तिच्याकडं बघता आणि म्हणता, "का गं? द्यायचा न्हाय व्हय?" ती मान हलवते. "मग मघाशी का न्हाय बोललीस?" असं म्हणून तुम्ही उठता, लुगडं झटकता आणि चालायला लागता. परत येताना मी एसटीत फुगून बसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गिऱ्हाइकाला आपण अंड्याची आमटी वाढली. एक ड्रायव्हर ताट सरकवून उठून गेला, तर तुम्ही त्याला दारातून हाक मारून सांगितलंत, "उद्या ये, उद्या असंल."

तुम्ही गेल्यावर बरीच वर्षं मी तसंच चालवलं. मग तेरखेड्याच्या बाजूला हायवेलगत फार्म झाला. कमानीवर शेळीचं चित्र, उंचावर जाळीदार गोठे. तुमचा लेक म्हणाला, "दहा वस्त्या हिंडायच्या, बायांची रडगाणी ऐकायची, कशासाठी? डायरेक्ट फार्मवरून घेऊ. एकदम घेतलं की कापून, धुऊन, पिशव्या भरून देतो तो." मला पटलं. माझे गुडघे दुखायला लागले होते. फार्मचा मालक गोड माणूस, मला वहिनी म्हणायचा. थोडेफार दिवस माल बराही आला. म्हणजे मी तरी बरा समजत होते.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला जावळाच्या जेवणाची ऑर्डर आली. गावजेवणच जवळजवळ. टेम्पो घेऊन आम्ही दोघं फार्मवर गेलो. हे ऑफिसात बसले. मला बाथरूमला जायचं होतं म्हणून मी मागं गेले, आणि चुकून पत्र्याच्या शेडमधे शिरले.

आत्या, वजडीची घाण मला माहीत आहे. ही ती नव्हती. शेळ्या ओळीनं आडव्या पडल्या होत्या. नाकातून शेंबूड वाळलेला, शेपटीखाली हगवणीची पोपडी, डोळ्यांवर माश्या. काहींची पोटं फुगून टम्म झालेली, पाय काठीसारखे ताठ. एक गडी त्यातलीच एक पायाला धरून ओढत होता आणि दुसरा एकीला टांगून सोलत होता. रक्त वाहत नव्हतं. काळं, डिंकासारखं, सुरीला चिकटत होतं. पलीकडं पाइपनं धुतलेले तुकडे बर्फात घालून निळ्या पिशव्यांत भरले होते, आणि त्या पिशव्या आमच्याच टेम्पोच्या तोंडाशी रचलेल्या होत्या.

"ही मेलेली हायेत," मी म्हणाले.

"रातच्याला गेली, बाई," गडी म्हणाला. "रोग आलाय. रोजच जात्यात."

"मग पुरत का न्हाईत?"

तो हसला. वाईट नव्हता हसला, मीच काहीतरी पोरकट विचारल्यासारखा. "पुरल्यावर मालकाला काय उरतंय?"

मी बाहेर येऊन भिंतीला धरून ओकले. पिशव्या टेम्पोत चढल्या होत्या. निघाल्यावर यांना सगळं सांगितलं. आत्या, मला वाटलं होतं हे टेम्पो उलटा फिरवतील, त्या माणसाची गचांडी धरतील. हे समोर रस्त्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "बोलू नकोस कुठं. काळा मसाला, येसूर घातलं आणि तास-दीड तास शिजवलं की काय कळतंय? आजवर कुणाला झालंय का काही?"

आजवर. म्हणजे यांना आधीपासून ठाऊक होतं. तो शब्द ऐकला आणि त्या शेळ्यांची आली नव्हती इतकी किळस मला माझ्या शेजारी बसलेल्या माणसाची आली. यांनी याच हातांनी आपल्या नातवंडांना ते भरवलं होतं. तुमच्या हाताखाली वाढलेला माणूस हा. मी खिडकीला चिकटून बसले, त्यांचा दंड माझ्या दंडाला लागू नये म्हणून.

घरी आल्यावर मी एकेक पिशवी सुरीनं फाडली आणि फिनेलचा कॅन वरून ओतला. हे धावत आले, हात उगारला. मी म्हणाले, "मारा. पण आधी यातला एक तुकडा खाऊन दाखवा." हात खाली आला. मागच्या पडीक जमिनीत खड्डा घेतला, चुना टाकला, पुरलं. खड्डा त्यांनीच घेतला.

जावळवाल्यांच्या म्हाताऱ्याला बोलावून मी खरं काय ते सांगितलं. वाटलं, आभार मानेल. तो माझ्या दारात थुंकला. "म्हंजे आमच्या लेकराच्या जावळाला मढं घालनार हुतीस व्हय?" दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना आमटी-भाकरी वाढली, अर्धे तसेच उठले. आणि स्टँडवर काय बोललं गेलं माहीत आहे? या खानावळीत मेलेलं मटण मिळतं. फार्मचं नाव कुणी घेतलं नाही. सगळा उन्हाळा आपली बाकडी रिकामी होती. फार्मवरून गाड्या भरून चालल्याच होत्या. त्या कुठल्या हॉटेलांत उतरतात ते मी यांना विचारलं नाही, मला ऐकायचं नव्हतं.

आता हे वस्त्यांवर जातात. स्वतः, मोटारसायकलवर. चुकलं असं अजून म्हणाले नाहीत, आणि मी वाट बघणं सोडलंय. गिऱ्हाईक हळूहळू परत येतंय. मी रांधते, वाढते. खात नाही. ताटात हाडूक चोखणारा माणूस बघितला तरी मान वळवते, आणि रात्री यांच्याकडं पाठ करून झोपते.

हे सगळं तुम्हाला कळलं असतं. पण परवाचं कसं सांगू? फार्मचा मालक आला. बायको, पोरं, म्हातारी आई, सगळ्यांना घेऊन देवीला आले होते. आत येऊन बसला आणि मला म्हणाला, "वहिनी, मटण वस्तीवरचं हाय न्हवं? आईला बादतंय दुसरं." त्याची बायको माझ्याकडं न बघता पुटपुटली, "आमच्या घरात फार्मचं शिजवत न्हाईत."

त्याच्या तोंडावर उकळता रस्सा ओतावा असं वाटलं. शेडमधली ती सुरी डोळ्यांपुढं आली. पण म्हातारी भुकेली होती, पोरं ताटाकडं बघत होती. मी वाढलं. त्यानं रश्शात भाकरी कुस्करली, खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाला, "वहिनी, अख्ख्या जिल्ह्यात असा रस्सा न्हाय."

आणि आत्या, मला बरं वाटलं. त्या माणसाच्या तोंडून, तरी बरं वाटलं. मी आत जाऊन त्याच्यासाठी आणखी एक वाटी भरली. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही, आणि हा कागदही मी आता चुलीत घालणार आहे.