ताईंवरचा ठपका माझ्या नावावर घेण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
नकाशा कार्यालय.

विषय : आरेखक ताईंविरुद्धचा अहवाल मागे घेण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माझाच दि. ४ मार्चचा गोपनीय अहवाल.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, आमच्या विभागातील आरेखक, ज्यांना शिपायापासून आपल्यापर्यंत सगळे ताई म्हणतात, यांच्यावर मी ‘हेतुपुरस्सर हलगर्जीपणा’ असा ठपका ठेवला होता. त्यांनी नदीवरचा पूल अर्ध्यातच सोडला होता आणि एकाच रस्त्याचे नाव दोनदा लिहिले होते. त्यावरून आपण त्यांना टपालाच्या टेबलावर बसवले. चुका खऱ्या आहेत. हेतू मी पदरचा घातला.

२. ताईंना जानेवारीत विषाणूचा ताप आला होता. सहा दिवसांत उतरला, म्हणून त्या बऱ्या झाल्या असे मी धरून चाललो. मेंदूच्या डॉक्टरांचे म्हणणे वेगळे आहे. विषाणू केव्हाच गेला. पण त्याच्याशी लढायला उठलेल्या शरीराच्या संरक्षक पेशी शांत झाल्याच नाहीत. त्यामुळे मेंदूत सूज राहिली आणि चेतापेशींचे एकमेकींशी असलेले दुवे कमजोर पडले. ताईंचे यजमान म्हणाले, “चोर गेला, पण पहारेकरी अजून घरच्यांनाच बडवतायत.” त्यात माझा अहवाल म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

३. आता अहवालात जे नव्हते ते. अखंड उपस्थितीचे नववे वर्ष मोडू नये म्हणून मी अंगात ताप असताना तीन दिवस कामावर आलो. ताईंचे टेबल माझ्या टेबलाला लागूनच. त्या म्हणाल्या, “साहेब, घरी जा. नकाशे कुठे पळून जात नाहीत.” मी गेलो नाही. त्याच आठवड्यात त्यांनी अंथरूण धरले. ताप माझाच लागला हे सिद्ध करता येत नाही, असे डॉक्टर म्हणतात. मला पुराव्याची गरज वाटत नाही.

४. सोमवारी ताई टपाल घेऊन आल्या. ‘पाकीट’ हा शब्द आठवेना, म्हणून हातानेच आकार दाखवला. मग म्हणाल्या, “माझ्यामुळे तुम्हाला अहवाल लिहावा लागला. वाईट वाटून घेऊ नका.” मी मान डोलावली, महोदय. नुसती मान डोलावली.

५. तरी अहवाल रद्द करून ताईंना उपचारासाठी रजा व नंतर त्यांचे टेबल परत द्यावे. सुधारणा होईल, पण वेळ लागेल, असे डॉक्टरांचे मत आहे. तोवर त्यांचा प्रत्येक नकाशा मी तपासेन. ठपका कोणाच्या तरी नावे राहणे नियमाने आवश्यकच असल्यास तो माझ्या नावे लिहावा व टपालाच्या टेबलावर मला बसवावे.

आपला अपराधी,
पर्यवेक्षक, आरेखन विभाग
दि. १९ मार्च

सोबत : १) डॉक्टरांचे पत्र. २) अखंड उपस्थितीचे प्रशस्तिपत्र, चौकटीसह परत.

प्रत : ताईंना. (समक्ष वाचून दाखवणार आहे. सलग वाचताना त्यांची ओळ सुटते.)