दुखवट्याचं कापड

जव्हार
२७ जुलै २००८

चि. सुदर्शन यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी खुशाली दोन आठवड्यांत नाही. एकटा असलास की तू बिस्किटांवर शाळा चालवतोस, हे मला ठाऊक आहे. निदान सकाळचा भात तरी टाकत जा.

लिहायचं कारण वेगळं आहे. काल भावेशच्या नावाने ग्राहक मंचाची नोटीस आली. थोरल्या भाऊजींनी ती अंगणात सगळ्यांसमोर वाचली. तक्रारदार म्हणून तुझं नाव ऐकलं आणि माझ्या हातातली परात तशीच राहिली. तू मला आधी एका शब्दाने कळवलं नाहीस.

भावेश म्हणतो, मी फक्त कॉम्प्युटरवर बटणं दाबली, उटीचं हॉटेल नेटवरच्या बुकिंग कंपनीने दिलं होतं, भांडायचं तर मास्तरांनी तिच्याशी भांडावं. तो थोरल्या भाऊजींचा मुलगा आहे रे, माझा पुतण्या. आमची चूल एक आहे. रोज त्याला वाढायचं आणि त्याच्या बापाचा चेहरा बघायचा, हे तुला खोडाळ्यात बसून कळणार नाही. तुझी सुनिता गेली ती काही परत येणार नाही. जमलं तर तक्रार मागे घे.

फोन करू नकोस, मोबाईल यांच्या खिशात असतो. पत्र माझ्या शाळेच्या पत्त्यावर टाक.

पावसात डोकं भिजवू नकोस. बहिणीवरचा राग दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये.

तुझी,
नीताताई


खोडाळा
५ ऑगस्ट २००८

ती. सौ. नीताताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. राग नाही. आधी कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं.

उटीचं मी कोणालाच नीट सांगितलेलं नाही. तुला सांगतो. सुनिताला दमा होता म्हणून मी भावेशकडून खोली आधीच घेतली. पैसे पूर्ण भरले. त्याने हॉटेलचं नाव असलेला छापील कागद दिला. आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा पाऊस होता. काउंटरवरच्या माणसाने कागद पाहिला आणि म्हणाला, हे बुकिंग आधीच रद्द झालं आहे, तुमच्या एजंटला कळवलं आहे. मी भावेशला फोन लावत राहिलो, तो लागला नाही. सीझन होता, कुठेच जागा नव्हती. ती हॉटेलच्या ओसरीत पिशवीवर बसून होती आणि मी दारोदार फिरत होतो. शेवटी एका धर्मशाळेत कोपऱ्यातली ओली जागा मिळाली. सकाळी दवाखान्यात नेलं. तिथून ती घरी आली नाही.

दिवसकार्याला सुनिताची आई सूर्यमाळहून आली. तिने सगळ्यांसमोर मला विचारलं, राहायची सोय न करता माझी आजारी पोर थंडीत नेलीस कशाला. कागद माझ्या खिशात होता. तो मी काढला नाही. अशा वेळी आईला कागद दाखवत नाहीत. पण तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

मला भावेशला बुडवायचं नाही. त्याच्यामुळे ती गेली असंही मी अर्जात लिहिलेलं नाही, मंच ते ठरवणार नाही असं वकिलांनी सांगितलंच आहे. मी सोय केली होती, आणि ती मोडल्याचं मला कोणी कळवलं नाही. एवढं एखाद्या तिऱ्हाइताने लिहून द्यावं. मी सांगून पटत नाही. तक्रार मागे घेता येणार नाही, ताई.

दाजींना नमस्कार. तुझा लोभ कमी होऊ नये.

तुझा,
सुदर्शन


जव्हार
१९ नोव्हेंबर २००८

चि. सुदर्शन यास,
अनेक आशीर्वाद.

घाईत, मधल्या सुट्टीत लिहिते आहे. नेटवरच्या कंपनीने मंचाला उत्तर दिलं की बुकिंग रद्द झाल्याचं आम्ही एजंटला आठवडाभर आधी ईमेलने कळवलं होतं. थोरल्या भाऊजींनी भावेशला समोर बसवून विचारलं. तो म्हणाला, वाचलं होतं, दुसरं हॉटेल बघू म्हटलं, मग सिल्वासाच्या लग्नाला गेलो आणि राहून गेलं. राहून गेलं म्हणे, जसं काही दळण आणायचं राहिलं.

आता त्याच्या वकिलाने दुसरंच काढलं आहे. दहाव्याला भावेश तुझ्याकडे आला होता आणि मी त्याच्याबरोबर होते, हे तुला आठवत असेल. रिकाम्या हाताने जाऊ नकोस म्हणून शर्टाचं कापड मीच त्याला बाजारातून घेऊन दिलं होतं. त्या कापडाच्या घडीत त्याने पाकीट ठेवलं. ते हॉटेलचे पैसे होते, मास्तरांनी ते माझ्या काकूसमोर घेतले आणि तक्रार तिथेच मिटली, असं त्याने लिहून दिलं आहे. साक्षीदार म्हणून माझं नाव टाकलं आहे. मला विचारलंसुद्धा नाही.

हे म्हणतात, तू जास्त काही बोलू नकोस. पाकीट दिलं का विचारतील, हो म्हण आणि खाली बस. खोटं बोल असं कोणीच सांगत नाही बघ. आणि ते खोटं नाहीही. म्हणूनच मला झोप लागत नाही.

तू ते पैसे का घेतलेस रे? लगेच कळव.

तुझी,
नीताताई


खोडाळा
२८ नोव्हेंबर २००८

ती. सौ. नीताताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट होतं हे खरं आहे. कापड त्याने माझ्या हातात दिलं, मी ते सुनिताच्या फोटोपुढे ठेवलं. आलेला दुखवटा कोणी परत करत नाही आणि देणाऱ्यासमोर उघडतही नाही, हे तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी आपल्या काकांनी घडी उलगडली. घरच्या माणसाने कार्याला मदत केली असं समजून त्यांनी पैसे बाराव्याच्या तांदळात घातले. मीही तेच समजलो. उलट मला वाटलं, पोराच्या मनाला लागलं आहे. हे हॉटेलचे पैसे आहेत असं तो एका शब्दाने बोलला असता तर मी ते पाकीट त्याच्या खिशात परत घातलं असतं.

वकील म्हणतात, बहिणीने नुसतं हो म्हटलं तर आपलं संपलं. मी त्यांना सांगितलं, मी बहिणीला काही शिकवणार नाही.

तुलाही तेच लिहितो. त्या घरात तुला राहायचं आहे, मला नाही. तू ठाण्याला मंचात आली नाहीस तरी पुढच्या भाऊबीजेला मी येईन. आलीस तर पाहिलं तेवढं सांग. माझ्यासाठी वाढवू नकोस, त्याच्यासाठी कमी करू नकोस. यापुढे या विषयावर मी तुला लिहिणार नाही.

आपली माया आहे तशी असू दे.

तुझा,
सुदर्शन


जव्हार
१५ फेब्रुवारी २००९

चि. सुदर्शन यास,
अनेक आशीर्वाद.

तू मंचात माझ्याकडे पाहिलं नाहीस आणि बाहेरही बोलला नाहीस. तुझ्या वकिलांनी बजावलं होतं म्हणे. ठीक आहे. माझी बाजू तुला कळावी म्हणून लिहिते.

जाताना एसटीत भावेश माझ्या शेजारी बसला होता. वाड्याच्या स्टँडवर उतरून त्याने मला चहा आणून दिला, वर साखर कमी सांगितली आहे काकू, असंही म्हणाला. तो ग्लास मला संपवता आला नाही. उभी राहिले तेव्हा मी काय बोलणार हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

पाकीट तुमच्यासमोर दिलं का, असं त्याच्या वकिलाने विचारलं आणि मी हो म्हणाले. तो लगेच खाली बसला. मीही बसायला वाकले. मग मला वाटलं, आता बसले तर जन्मभर बसलेलीच राहीन. मी म्हटलं, मला अजून सांगायचं आहे. वकील म्हणाला, बाईंना भावाचा पुळका आला. मी म्हटलं, पुळका असता तर पाकिटालाच नाही म्हटलं असतं.

पुढचं तू ऐकलंसच. दहाव्याला भावेश हॉटेलबद्दल काय बोलला असं मंचाच्या त्या सदस्य बाईंनी विचारलं. मी सांगितलं, काहीच नाही, तो मान खाली घालून पुरुषांत बसला होता. निघताना काय म्हणाला, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, उठला, चपला घातल्या आणि गेला. दुखवट्याच्या घरातून निघताना कोणी येतो म्हणत नाही. व्यवहार मिटवायला आलेला माणूस पैसे मोजून घ्या म्हणतो, मिटलं ना म्हणतो, येतो म्हणतो. त्या बाईंनी मान हलवली. त्यांना ते समजवावं लागलं नाही. मग त्यांनी भावेशलाच विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला की काकूंनी सांगितलं म्हणून मी दुखवट्याला गेलो होतो. पोर वाईट नाही रे तो. भित्रा आहे.

परतताना तो पुढच्या सीटवर बसला. दुसऱ्या दिवशी थोरल्या भाऊजींनी चूल वेगळी केली. आमच्या वाट्याला पडवीची बाजू आली आहे. नव्या शेगडीवर पहिला भात लागला, तो यांनी मुकाट्याने खाल्ला. खाल्ला, एवढं पुरे आहे.

तू माझी काळजी करू नकोस. मनात मात्र ठेव.

तुझी,
नीताताई


खोडाळा
६ एप्रिल २००९

ती. सौ. नीताताईस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल आला. बुकिंग घेणाऱ्या एजंटला कंपनीकडे बोट दाखवून सुटता येत नाही, रद्द झाल्याचं ग्राहकाला कळवणं त्याचं काम होतं आणि त्याने ते केलं नाही, असं त्यात लिहिलं आहे. दुखवटा ही तडजोड नव्हे, असंही एक वाक्य आहे. ते तुझं आहे. भरपाई त्याने आणि कंपनीने मिळून द्यायची आहे. भावेशने त्याचा वाटा हप्त्यांनी दिला तरी माझी हरकत नाही, हे थोरल्या भाऊजींना कळव.

तुझ्या चुलीचं वाचलं. भाऊबीजेला येईन तेव्हा तुझ्या पडवीतच जेवेन.

रविवारी सूर्यमाळला गेलो. सुनिताची आई टँकरच्या रांगेतून हंडे घेऊन येत होती. मी एक हंडा घेतला, तो तिने घेऊ दिला. दारात बसून निकाल वाचून दाखवला. कायद्याची वाक्यं होती, मी ती सोपी करून सांगितली. मला वाटलं, ती ऐकतच नाही.

वाचून झाल्यावर तिने विचारलं, तू घेतली होतीस ती खोली कशी होती.

ती खोली मी कधी पाहिली नाही, ताई. भावेशने स्क्रीनवर दाखवलेलं फक्त आठवत होतं. मी सांगितलं, वरच्या मजल्यावरची होती, खिडकी बागेच्या बाजूला, जाड रजया, नळाला गरम पाणी. तिने विचारलं, आणि रजया किती. मी म्हटलं, दोन. ती म्हणाली, परत सांग. मी परत पहिल्यापासून सांगितलं.

दाजींना नमस्कार सांग. ते घेतील तेव्हा सांग. माझ्यावर लोभ ठेवलास तसाच पुढेही राहू दे.

तुझा,
सुदर्शन