पासवाल्याची जागा

४ मार्च

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. अण्णांचे डोळे सोडून. एक डोळा गेलाच, दुसराही पावसाळ्यापर्यंतच साथ देईल असं डॉक्टर म्हणाले. गाडी उशिरा सुटेल हे ऐकावं तसं अण्णांनी ऐकून घेतलं. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस, आरडाओरडा कशाला करेल? घरी आल्यावर एवढंच विचारलं, बारक्या कधी येतोय. म्हणाले, दिसतंय तोवर त्याचं तोंड बघून ठेवतो.

तू विमानं दुरुस्त करणारा. तुझ्या विमानतळावरून आमच्याकडे यायला सव्वा तास. मला भाजी आणायला याहून जास्त वेळ लागतो. तरी दोन वर्षं तुझा पत्ता नाही. आता सबबी पुरे. ये.

रागावले आहे, पण माया आहे ती आहेच.

तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लगेच रजा टाकली. तुला माहीत आहे, आम्हाला विमानाचा पास फुकट असतो, पण जागा उरली तरच. शनिवारी विमान गच्च भरलेलं, परत फिरलो. रविवारी शेवटची जागा मिळाली. पट्टासुद्धा बांधला.

तेवढ्यात एक बाई धापा टाकत आल्या. त्यांचं सकाळचं विमान रद्द झालं होतं. हातात तिकीट, आणि जागा नाही. मला कुणी ऊठ म्हणालं नाही गं. पण सुट्टीत अण्णा मला त्यांच्या बसमधून पासावर फिरवायचे ते आठवलं. तिकीटवाला उभा दिसला की सगळ्यांत आधी कंडक्टरच्या पोराला उठवायचे. मी कधी उभा राहिलो ते माझं मलाच कळलं नाही.

अण्णांना यातलं काही सांगू नकोस. पुढच्या आठवड्यात गर्दी कमी असेल, तेव्हा नक्की येतो.

शिव्या घाल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा बारक्या

१९ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

अरे शहाण्या, सरळ तिकीट काढायचं सुचलं नाही? फुकट ते पौष्टिक! विमानाला सव्वा तास लागतो आणि तुला दोन वर्षं.

सांगू नकोस म्हणालास, पण मी अण्णांना पत्र वाचून दाखवलं. राहवेना. वाटलं चिडतील. ते आधी पोट धरून हसले, मग मला म्हणाले, कार्ट्याला मीच उठवलं. दुपारी काठी घेतली, माझा हात धरला आणि विमानाच्या तिकीट ऑफिसात चल म्हणाले. पुढचं त्यांनी स्वतःच लिहिलंय. ओळी वाकड्या गेल्यात, हसू नकोस.

ताई

चि. बारक्यास आशीर्वाद.

उठलास ते बरोबरच केलंस. पासवाल्यानं उभंच राहायचं असतं.

सोबत तिकीट आहे, पुऱ्या पैशांचं. आता तू पासवाला नाहीस, पॅसेंजर आहेस. कुणी उभं दिसलं तरी उठायचं नाही. कंडक्टरचा हुकूम समज.

बसून ये.

अण्णा